मधून वाफ निघेपर्यंत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डब्ब्याचं झाकण लावणं.

डब्बा नातीचा. स्टीलचा, दुहेरी भिंतीचा, आत अन्न गरम राहतं तसला. झाकणाला आटे आहेत आणि आत रबर. बायकोच्या मनगटात जोर राहिला नव्हता, म्हणून ती दोन्ही हातांनी डब्बा पोटाशी धरायची आणि झाकण मी फिरवायचो. रोज सकाळी सव्वानऊला, ओट्याजवळ उभं राहून. ती बिस्मिल्ला म्हणायची, मी फिरवायचो. त्या दिवशी खिचडी होती, तांदूळ आणि तुरीच्या डाळीची, वर आलूच्या तळलेल्या फोडी. मी म्हटलं, "झालं, बसलं घट्ट."

ती म्हणाली, "अजून अर्धा आटा बसते. जोर लावा जरा. नास्त्यात काय हवा खाल्ली का?"

मी अर्धा आटा फिरवला. नात ऑटोत बसून शाळेत गेली.

बारा वाजून गेल्यावर ती म्हणाली, पाठ टेकते जराशी. मी पडवीत एका उशीला टाके घालत बसलो होतो. जोहरची अजान झाली तेव्हा मी हाक मारली. ती उठली नाही. डॉक्टर आला, दिल बंद पडलं म्हणाला. एवढंच घडलं. लोक अजून विचारतात, आधी काही दुखत होतं का, काही बोलली का. अर्धा आटा अजून बसते म्हणाली, दुसरं काही नाही.

मी गादीवाला. बापाजवळ पिंजायची धुनकी होती, माझ्याजवळ मशीन आली, काम तेच. घर वर्ध्याला नालवाडीत, दुकान म्हणजे घराचीच पडवी. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मराठी, म्हणून मराठीत लिहितो. घरी वऱ्हाडी आणि हिंदी जशी तोंडात येईल तशी. मुलगा ट्रक चालवतो. त्या दिवशी तो सुरतेत होता. सून माहेरी, यवतमाळला, बारा दिवसांची बाळंतीण. म्हणून आठ वर्षांची नात आमच्याजवळ होती. म्हणजे खरं तर बायकोजवळ होती. मी फक्त झाकणापुरता.

आता डब्ब्याबद्दल सांगतो, कारण सगळं त्यावरच येऊन अडलं.

बायको डब्ब्याच्या बाबतीत फार कडक. रात्री केलेलं अन्न सकाळी डब्ब्यात द्यायचं असेल तर ते गंजात, शिजवलेल्या पातेल्यात, तसंच ठेवायचं नाही. ताटात पसरायचं, वाफ गेली की लगेच झाकून फ्रिजमध्ये. भांडं झाकून ठेवणं हे दीनमध्ये, म्हणजे धर्मातही, सांगितलं आहे, ती म्हणायची, मग आपण काऊन नाई करावं. सकाळी पोरगी खाईल तेवढंच काढायचं. पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवायचं, खालवर करायचं आणि मधून वाफ निघेपर्यंत सोडायचं नाही. "कडेची वाफ खोटी राह्यते," ती म्हणे. सराट्यानं, म्हणजे उलथण्यानं, मध्ये खड्डा करून पाहायची. तोवर डब्ब्यात उकळतं पाणी भरून ठेवलेलं असे. ते फेकून त्या गरम डब्ब्यात कढत अन्न भरायचं आणि झाकण. एकदा गरम केलेलं दुसऱ्यांदा गरम करायचं नाही. डब्ब्यात उरून परत आलं तर ते पोरीच्या ताटात परत जायचं नाही.

पोरीलाही शिकवलं होतं. बिस्मिल्ला, उजवा हात, आपल्या समोरचं खायचं, आणि गरम आहे म्हणून फुंकायचं नाही, ताटात पसरून थांबायचं. पोरगी घाई करायची. "दादी, फुंकलं तं काय होते?" बायको म्हणायची, "फुंकलं तं तुझी घाई त्याच्यात पडते. बस चूप."

मी कधी विचारलं नाही की एवढं कशाला. कारण मला माहीत होतं. हे सगळं माझ्यामुळं सुरू झालं.

मुलगा सहा वर्षांचा असतानाची गोष्ट. फ्रिज नव्हता. बायको कापूस वेचायला हिंगणीकडे जायची, अंधार असताना निघायची. मी घरी. मला माझ्या अकलेची मोठी घमेंड होती. गादीवाल्याला माहीत असतं की रुईत, पिंजलेल्या कापसात, ऊब मुरून राहते. मी काय करायचो, रात्रीच्या भाताचा गंज फडक्यात गुंडाळून रुईच्या ढिगात पुरायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी काढला तरी हाताला कोमट लागायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो. पाहा, ना लाकूड ना रॉकेल, लेकरू आलं की ऊन भात तयार.

एके दिवशी बायकोचं काम लवकर आटोपलं, ती दुपारी घरी आली. भातात हात घातला, बोटांना चिकट तार आली, आणि म्हणाली, "हा लसलसला. टाकून देऊ. पोराले नका देऊ."

मी ओरडलो. म्हटलं, "अन्न टाकनं गुनाह आहे. मोठी आली शहाणी. गरम कर अन् दे."

तिनं गरम केला आणि दिला. तिनं माझं ऐकलं. संध्याकाळी पोराला उलट्या सुरू झाल्या, मग हगवण. तीन दिवस दवाखान्यात सलाईनवर होता. डोळे आत गेले होते. तिथल्या एका नर्सबाईनं आम्हाला समजावून सांगितलं. भात कोमट राहिला की त्यात जहर तयार होतं, आणि ते एकदा झालं की कितीही उकळा, जात नाही. ठेवायचा तर कढत ठेवा, नाहीतर लवकर थंड करा. मधलं कोमट नको.

बायकोनं तिला एकच विचारलं. "अन् बाई, टाकून देल्लं असतं तं?"

नर्सबाई म्हणाली, "तर तुम्ही आज घरी असता."

बायकोला तेवढ्यानं भागलं नाही. घरी आल्यावर ती मौलवी साहेबांच्या घरी गेली. ते म्हातारे मौलवी आता नाहीत. त्यांच्या बायकोजवळ बसून पडद्याआडून विचारलं. परत आली ती चेहरा शांत करून. लेकरू अल्लाची अमानत आहे, आपण राखणदार, त्याच्या पोटाचा जाब आपल्याला द्यायचा आहे, असं त्यांनी सांगितलं म्हणाली. आणि मग स्वतःचं एक जोडलं, "फेकन्यात गुनाह नाई, नासू देन्यात आहे. आजपासून कमी शिजवीन." रुईतला गंज तिनं त्या दिवशी उचलला, घासला आणि पाणी तापवायला लावला. पुन्हा त्यात भात शिजला नाही.

मला ती कधीच बोलली नाही. बोलली असती तर मी भांडलो तरी असतो. आणि मी काय केलं, तेही लिहितो. माझी मोठी बहीण, आपा, तळेगावहून पोराला पाहायला आली तेव्हा मी तिला सांगितलं की पोराला नजर लागली. आपानं मिरच्या ओवाळल्या. बायको तिथंच उभी होती. काही बोलली नाही. आपा इतकी वर्षं नजरच धरून होती.

तर त्या दिवशी.

ऑटोवाल्यानं नातीला शाळेतून आणलं तेव्हा शाळेत जेवायची सुट्टी व्हायची होती. डब्बा तसाच बंद. दप्तर कोणीतरी आतल्या खोलीत खुंटीला अडकवलं आणि ते सगळेच विसरले. घरात बाया भरल्या. मी बाहेर पुरुषांत खुर्चीवर. गुस्ल झालं, म्हणजे मयतीची आंघोळ, कफन झालं. मला चेहरा पाहू दिला, हात लावू दिला नाही. आमच्यात नवऱ्यानं लावू नये म्हणतात. सकाळी त्याच हातानं झाकण लावलं होतं. मुलासाठी थांबता येत नव्हतं, तो रस्त्यात होता. फोनवर म्हणाला, "अब्बा, नका थांबू." असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर मिट्टी दिली.

परत आलो तर आपा आलेली. आपा अठ्ठ्याहत्तरची. आमची आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, हिनंच मला कडेवर वाढवलं. तिच्यासमोर मी अजून मान वर करत नाही. तिनं आल्या आल्या सांगितलं, "तीन दिवस या घरची चूल पेटनार नाई."

शेजारची बाई जेवण घेऊन आली. ती बौद्ध, अंगणवाडीत काम करते, बायकोची पंचवीस वर्षांची शेजारीण. वरण, भात, आलू-वांग्याची भाजी. बाया जेवल्या. नात जेवली नाही. एक घास तोंडात घेतला आणि तसाच गालात धरून बसली, मग बाहेर जाऊन थुंकली. उरलेलं अन्न आपा झाकून ओट्यावर ठेवत होती, तर शेजारणीनं तिच्या हातून घेतलं. भात ताटात पसरला, वरण पसरट भांड्यात काढलं. वाफ जाईपर्यंत वारा घालत उभी राहिली आणि दोन्ही फ्रिजमध्ये सरकवलं. मला म्हणाली, "भाभीनंच शिकवलं मले. नाई तं तिची ओरड ऐकू येईन."

सकाळी फजरची नमाज पढून मी मशिदीत थोडा थांबलो. आताचे मौलवी साहेब पोरसवदा आहेत, माझ्या मुलाहून लहान. त्यांना विचारलं, चूल तीन दिवस बंद ठेवायचा हुकूम आहे का? ते म्हणाले, हुकूम नाही, रिवाज आहे. घरच्यांना रांधायचा त्रास नको म्हणून दुसऱ्यांनी आणून द्यावं, एवढाच त्याचा अर्थ. मग म्हणाले, "घरात लेकरू आहे ना?"

"आहे."

"मग विचारता काय?"

मी ते ऐकून घरी आलो. पण ऐकणं वेगळं आणि आपाला सांगणं वेगळं. समोरच्या खोलीत रात्री थांबलेल्या बाया बसलेल्या, मधून वाट नाही. मी भिंतीला धरून धरून आतल्या खोलीत गेलो. तिथून स्वयंपाकघर. पुढं भिंत. मागच्या दाराबाहेर निंबाचं झाड आणि कंपाउंड. या घरात मी पन्नास वर्षं राहिलो. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मला कुठं जायला जागाच नाही. पडवीत गेलो तर माणसं येऊन गळ्यात पडायची, आत राहिलो तर तिची चप्पल.

आणि नात उभी. हातात डब्बा. खुंटीवरचं दप्तर तिनं उघडलं होतं.

"दादा, हे गरम करून दे."

काल दुपारपासून ती म्हटलं तर उपाशीच. डोळे सुजलेले. मी डब्बा घेतला. झाकण निघेना, अर्धा आटा जास्तच बसला होता. पायांत धरून काढलं. खिचडी तशीच्या तशी. आलूच्या फोडी वर मांडलेल्या, बायकोच्या बोटांनी. मी वास घेतला. वास नव्हता. आंबूस असता, बुरशी असती, तर मी सुटलो असतो. बोट खुपसलं. कोमट. बावीस तास झाले होते आणि अजून किंचित कोमट.

आपा मागून आली. तिनंही वास घेतला.

"चांगली तं आहे. तिच्या हातचं अखेरचं आहे हे. बरकत आहे याच्यात. शेजारनीकडं जा, गरम करून आन अन् दे पोरीले."

मी उभाच.

"काऊन खांबासारखा उभा आहेस?"

"आपा, हे नाई देता येत."

"काऊन नाई येत?"

"तिनं देल्लं नसतं."

"ती गेली बाप्पा. ती आता थोडीच पाहून राह्यली." मग आवाज खाली करून म्हणाली, "अन्न फेकशीन? तेही मयतीच्या घरचं? तुले मी हेच शिकवलं का?"

हे माझंच वाक्य होतं. पोर सहा वर्षांचं होतं तेव्हाचं. मी ते आपाकडूनच शिकलो होतो, आणि आपा कोणाकडून शिकली असेल अल्ला जाणे. आम्ही गरिबीत वाढलो, सांडलेला दाणा वेचून खाल्ला, त्यात खोटं काही नव्हतं. इकडं आपा दारात, मधे पोरगी, तिच्या हातात पुन्हा गेलेला डब्बा. दिलं तर एक गुनाह, फेकलं तर एक. आणि समोरच्या खोलीतल्या बायांचं बोलणं बंद झालं होतं. सगळ्या ऐकत होत्या.

मी म्हटलं, "आपा, पोराले नजर नव्हती लागली."

"कोनाले?"

"पोराले. लहानपनी. दवाखान्यात होता तो. नजर नव्हती ती. माझा भात होता. कोमट ठेवलेला. ती टाक म्हने, मी टाकू नाई देल्ला. तुले खोटं सांगलं."

आपा खाली बसली. ओट्याला टेकून. तसबीह हातात होती पण मणी सरकत नव्हते.

"अन् ती?" आपानं विचारलं. "मी मिरच्या ओवाळल्या तवा ती तं उभी होती तेथी."

"होती."

"काही नाई बोलली?"

"नाई."

तसबीह मुठीत घेऊन आपा म्हणाली, "नालीत नको फेकू. गाड कुठंतरी. झाकून."

मग पोरीला समजवायचं होतं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो, गुडघे कडकडले. म्हटलं, "दादी असती तं कालचा डब्बा आज तुले खाऊ देती का?"

तिनं विचार केला. "नाई. मले रागावती."

"अन् मले?"

"तुले जास्त."

तिनं डब्बा दिला. आम्ही निंबाखाली गेलो. मी सब्बलीनं खड्डा केला, डब्बा उपडा केला, खिचडी आकारासकट पडली. माती लोटली. पाय न लावता, हातानं. पोरीची डावी मूठ बंद होती. मी म्हटलं, उघड. ती नाही म्हणाली. मला बोट बोट सोडवावं लागलं. आलूची एक फोड होती आत, चुरा झालेली. तीही मातीत गेली. पोरगी रडली, मोठ्यानं, कालपासून पहिल्यांदा. मी रडू दिलं आणि तिचे हात साबणानं धुतले.

फ्रिजमधून भात काढला, वरण काढलं. तिच्यापुरतं. आपानं पाहिलं आणि म्हणाली, "चूल नको पेटवू. थंड दे."

"थंड भात तिच्या गळ्याखाली नाई उतरत, आपा. मौलवी साहेबाले विचारून आलो."

आपानं तोंड फिरवलं. पण उठली आणि मधलं दार लोटून घेतलं, बायांना दिसू नये म्हणून.

गॅस मी आयुष्यात चार वेळाही पेटवला नसेल. दोन काड्या विझल्या. भातावर पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवलं. दुसऱ्या बाजूला वरण. कडेनं वाफ आली. आपा पाठमोरीच म्हणाली, "झाला असंन."

मी सराट्यानं मधे खड्डा केला. मधे बर्फासारखा गार. खालवर केला, पुन्हा झाकला. वरणाला बुडबुडे आले तरी ढवळत राहिलो, पार मधोमध उकळी फुटेपर्यंत. भात खाली लागला, करपल्याचा वास आला, मी तरी उतरवला नाही. मधून वाफ आली तेव्हा बोट घातलं. पोळलं. मग उतरवला.

ताटात पसरला. पोरीनं तोंड ताटाजवळ नेलं, गाल फुगवले, माझ्याकडं पाहिलं आणि हवा परत गिळली. थांबली. बिस्मिल्ला म्हणाली. सहा घास खाल्ले. सातवा नको म्हणाली. मी आग्रह केला नाही, ताटात उरलेलं मी खाल्लं. करपलेला भाग आपानं मागून घेतला.

मग मी डब्बा घासला. झाकणातलं रबर काढून वेगळं धुतलं, ती धुवायची तसं. डब्बा एका बाजूला, झाकण एका बाजूला, मागच्या पायरीवर उन्हात पालथे ठेवले. ओला डब्बा बंद करायचा नसतो.